येळवशीची ट्रॉली

ढोकीतल्या आमच्या शेजारच्या काकांचं प्रत्येक उत्तर "बघू की"नं सुरू होतं, आणि त्यांच्या ट्रॅक्टरवर दुसऱ्या कुणाला बसता येत नाही. लेक डॉक्टर होणार, हे मात्र त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. अकरावीला ती वर्षभर डेन्मार्कला शिकायला गेली, तिथं एका शेतकऱ्याच्या घरी राहिली आणि परत आल्यावर म्हणाली, "आबा, मला शेतीचंच शिकायचंय."

"बघू की," म्हणून ते उठून गेले.

येळवशीच्या सणाला सगळे शेतात जेवायला निघालो, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन आमच्यासोबत ट्रॉलीत बसले.

"काका, मग डॉक्टरकीचं काय?" मी विचारलं.

"हितनं रान लई मोठं दिसतंय," ते म्हणाले. "पयल्यांदाच निवांत बघायलोय."