दारूकामाच्या पाठीमागची बिबीजान

बिबीजानची सकाळ म्हणजे हात भाकरीत आणि डोळे अंगणात. अंगणात बाजेवर खळीनं चिकटवलेले कागदी नळे वाळत होते, आणि खुटबावच्या कोंबड्यांना खळीची चटक फार. गावची जत्रा तोंडावर आलेली. जत्रेतलं शोभेचं दारूकाम पिढ्यान् पिढ्या याच घराचं. दारू भरायची, बाण बांधायचे ते नवऱ्यानं, सत्तारनं. नळे वळायचे बिबीजाननं. लग्न होऊन आली तेव्हापासून.

कडी वाजली.

"कोण ते बघा की," ती म्हणाली, "माझे हात पिठात हायत."

सत्तारनं दार उघडलं. दारात अनुपमा, कोंडिबा आप्पांची सून. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक पिवळा कागद.

"चाचा, गंमत आणलीय. आप्पांच्या खापरपणजोबांनी पाबळला दिलेल्या बहिणीला पत्र लिहिलं होतं. इंग्रजांच्या काळातलं. तिच्या घरच्यांनी परवा आम्हाला दिलं. मोडीत होतं, शिरूरच्या एका सरांकडून उतरवून घेतलं. त्यात आपली जत्रा आहे, आणि तुमचं घराणंही!"

सत्तारनं पुढं केलेली चहाची कपबशी बाजूला ठेवून तिनं वाचायला सुरुवात केली:

"चिरंजीव सौभाग्यवती म्हाळसाबाईस आशीर्वाद. यंदा जत्रेस दारूकाम नामी जाहले. आधी चक्रे सुटली. मग बांबूचे झाड पेटले, ते असे की फुलांनी लवलेली बाभूळच. तू असतीस तर टाळ्या पिटल्या असत्यास. एक बाण मात्र वाकडा जाऊन आमचे कडब्याचे गंजीत शिरला. गंज वाचली, परंतु वडील पागोटे टाकून धावले, त्याचे हसू अद्याप आवरत नाही."

"बाणाचं खोटं हाय," सत्तार ताडकन म्हणाला. "आमच्या घरचा बाण वाकडा जात न्हाई. वारं असंल त्या दिवशी."

"व्हय, आन् मागल्या साली पप्पूच्या रसवंतीत शिरला तवा बी वारंच हुतं," बिबीजान तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "गिऱ्हाइकं ग्लास घिऊन पळाली."

अनुपमाला हसताहसता ठसका लागला. "जत्रा कमिटी म्हणतीय, दारूकामाच्या आधी स्टेजवर हे वाचायचं. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"वाचा की. फक्त बाण गाळा," सत्तार म्हणाला.

बिबीजाननं पिठाचे हात पदराला पुसले. "पोरी, ते झाडाचं परत वाच."

अनुपमानं वाचलं.

"बाभळीवानी दिसतं व्हय?"

"म्हणजे? त्या झाडाचे नळे तुम्हीच तर वळता, चाची."

"वळती. पण कवा बघितलंय?"

सत्तार तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या घरची रीत अशी, की दारू पेटली की घरच्यांनी बांबूंच्या मागं उभं राहायचं. पाण्याच्या बादल्या आणि ओली गोणपाटं घेऊन. कुठं ठिणगी पडली की विझवायची. मागं असतो नुसता धूर. बिबीजानला दिसायची ती समोरची माणसं, उजेडात उजळलेली. पोरं कानावर हात ठेवू लागली की चक्री, म्हातारी माणसं आ करून वर बघू लागली की झाड. बाकी तिनं सगळं त्या तोंडांवरूनच ओळखायचं.

"मग सांगायचं न्हाईस का कवा?" सत्तार म्हणाला.

"सांगितलं हुतं, रुबी पोटात हुती तवा. तुम्ही म्हणाला, तू मागं असलीस की मला धीर असतो. मग काय बोलणार?"

सत्तारला आठवत नव्हतं, पण असं आपण म्हटलं असणार, एवढं त्याला पटलं. तो कान खाजवत राहिला.

"तुमची पन्नाशी उलटली की, आता कशाला धीर लागतोय?" बिबीजान म्हणाली. "अलीमभावजी हायत. गोणपाट धरायला काय कालेज शिकावं लागतंय?"

"तो झोपंल तिथंच," सत्तार पुटपुटला, पण हसला.

अनुपमानं कागद पिशवीत घातला. "मग चाची, बाणाचं वाचू का गाळू? तुम्ही सांगाल तसं."

"वाच बाई. हसू दे गावाला. माझं येवढंच म्हणणं हाय: यंदा मला म्होरं बसून झाड बघायचंय. एक खुर्ची ठेव."