जाऊन ये

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'जाऊन येतो' म्हणायचं, हे आमच्या तमिळ मुलखात ताम्रपर्णीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या मनोरुग्ण वॉर्डाचं फाटक तेवढं याला अपवाद. बरं होऊन घरी निघालेला पेशंट तिथे 'जाऊन येतो' म्हणाला, की आरोक्यमेरी सिस्टर त्याला माघारी बोलवायच्या. "काय विसरलंय इथे, परत यायला? नीट 'जातो' म्हण." पेशंटनं तसं म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती.

मी त्याच वॉर्डात औषधं देतो. सिस्टरांशी माझं फारसं पटत नसे, कारण वॉर्डाचं खोबरेल तेल त्या पाण्यासारखं उडवायच्या. पेशंटला तपासायची त्यांची रीतच तशी होती. आज वार कोणता, झोप लागते का, कानात कुणी बोलतं का, हे सगळं त्या विचारायच्या, पण विचारता विचारता बायकांच्या वेण्या घालायच्या. त्यांचं म्हणणं, उत्तरं पाठ करता येतात. ते खरंच होतं. बरोबर उत्तरं दिली की घरी सोडतात, हे कळल्यामुळे बायका एकमेकींची तयारी करून घेत.

इसक्की विड्या वळणारी. नवरा गेल्यावर तिनं खाणं सोडलं, बोलणं सोडलं, म्हणून सासूनं आणून घातली. हळूहळू जेवायला लागली, हसायला लागली. सगळी उत्तरं बरोबर आली. डॉक्टर मुत्तुवेल दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते.

त्या दुपारी सासू नातीला, कनीला, घेऊन भेटायला आली. निघताना पोर रोजच्यासारखी म्हणाली, "जाऊन येते, अम्मा." इसक्की रोज "जाऊन ये" म्हणायची. त्या दिवशी तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा."

मी ऐकलं आणि गोळ्या मोजत राहिलो. सिस्टर तेलाची बाटली घेऊन तिच्यामागे जाऊन बसल्या.

"पोरीला नुसतं 'जा' म्हणालीस."

"म्हणाले असेन."

"का गं?"

केसांतून दोन-तीनदा फणी फिरली, तेव्हा कुठे इसक्की बोलली. "ये म्हटलं, की ती येईल तेव्हा मी असायला नको का?"

"मरायचं ठरवलंयस?" सिस्टरांनी विचारलं. तेल पुरे का, असं विचारावं त्या आवाजात.

"हो."

"कधी?"

"देवीची जत्रा झाली की. पोरीला नवा परकर शिवलाय. तेवढा मिरवू दे तिला."

सिस्टरांनी वेणी पुरी केली, तिला रिबीन बांधली, एका बाईला तिच्याजवळ बसवलं आणि डॉक्टरांकडे गेल्या. 'जा'ची गोष्ट ऐकल्यावर डॉक्टरांनी काही विचारलं नाही. त्यांनाही आईनं आमच्याच भाषेत वाढवलं होतं. तिला घरी सोडणं रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी सासू भांडायला उभी. "सगळी उत्तरं बरोबर म्हणता, आणि तरी नापास?"

"तोंडी परीक्षेत नापास," सिस्टर म्हणाल्या. मग म्हातारीला बाकावर बसवून सगळं सांगितलं. म्हातारी खूप रडली. जत्रेच्या दिवशी ती कनीला नवा परकर घालून थेट वॉर्डात घेऊन आली. पोर खाटांच्या मधून मिरवत फिरली.

पुढे औषध बदललं आणि सिस्टर रोज वेणी घालत राहिल्या. इसक्की आता खोटं हसत नव्हती. वैतागायची, रडायची, एकदा तर सांबार पाणचट झालं म्हणून आचाऱ्याशी भांडली. सिस्टरांना त्या भांडणाचा फार आनंद झाला.

शेवटी घरी जायचा दिवस आला. सासूनं बोचकं उचललं, कनीनं आईचं बोट धरलं. फाटकाबाहेर पडता पडता इसक्की सवयीनं बोलून गेली, "जाऊन येते, सिस्टर."

वॉचमन खेकसला, "ए बाई, परत यायचंय का इथे? 'जाते' म्हण."

सगळे सिस्टरांकडे बघायला लागले. आता हिला माघारी बोलावणार, असंच मलाही वाटलं.

सिस्टर म्हणाल्या, "जाऊन ये."