किसननं दाखवलेला कागद

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिच्यापासून मला चोरून खाल्लेला पेढासुद्धा लपवता येत नाही, पण हे लपवलं – आठ वर्षं. आता तुम्हाला सांगतोय, तर अडखळेन, आडवळणानं जाईन. जाऊ द्या. सरळ सांगायची हिंमत असती, तर ती तेव्हाच नसती का दाखवली?

मी शिक्षक होतो. माजलगाव तालुक्यात, एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. आमच्याकडची जवळजवळ सगळी पोरं एक जूनला जन्मलेली. हसू नका, तुमच्याही घरात एखादा एक जूनवाला निघेल. आईबाप ऊसतोडीला जाणारे. लेकरू कधी झालं विचारलं, की म्हणायचे, ‘थोरल्या दुष्काळाच्या आदल्या साली.’ मग मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचो. कान हाती आला, की झाला सहा वर्षांचा.

किसन मात्र कागद घेऊन आला होता. त्याच्या मुलीचं नाव मी लिहिणार नाही – कायदा लिहू देत नाही, आणि दिलं असतं तरी माझ्या तोंडी ते शोभलं नसतं. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा, शिक्का मारलेला जन्माचा कागद. जन्म जानेवारीतला. म्हणजे ती धड साडेचार वर्षांचीही नव्हती. तिचा हात कानाच्या जवळपाससुद्धा गेला नाही, आणि ती आपली हसत होती.

त्या वर्षी पटावर एक पोर कमी पडत होतं. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, आणि तो दुसरा शिक्षक मी होतो. मी कागद नीट वाचला. घडी घालून परत दिला. म्हणालो, ‘राहू दे तुझ्याजवळ, मी लिहितो बरोबर.’ आणि तिला दीड वर्षाहून जास्त मोठी करून टाकली. एक जून. किसनला वाचता येत नव्हतं. तो हात जोडून गेला.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती कबुली. नाही हो – असली नोंद करणारा मी काही एकटा नव्हतो. एवढ्यावर थांबलं असतं, तर मी आज स्वस्थ झोपलो असतो.

पुढं बारा वर्षांनी असा दुष्काळ पडला, की विहिरीच्या तळाशी नुसती वाळल्या चिखलाची खपली राहिली. एका सहकारी दूध संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. किसन नि त्याची बायको तोडीला गेलेली, म्हणून ती मुलगी आजीबरोबर छावणीत दोन गाई सांभाळत होती. चारा, पेंड, पाणी – सगळं संस्थेच्या सचिवाच्या हातात. त्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली. एकदा नाही. आईबाप परत आल्यावर तिनं आईला सांगितलं, आणि किसन तिला घेऊन पोलिसांत गेला.

तेव्हा तिला सतरा पुरी होऊन महिना झाला होता. माझ्या रजिस्टरात ती अठरा वर्षं आठ महिन्यांची होती.

मुलगी अठराच्या आतली असली, तर ती राजी होती की नव्हती हा प्रश्नच कायदा विचारत नाही. सचिव म्हणत होता, ती राजी होती; म्हणून सगळा खटला वयावर येऊन बसला. किसनची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, तोडीवर जळाली, त्यात तो कागद गेला. दवाखान्यातलं इतकं जुनं रजिस्टर मिळालं नाही. अंबाजोगाईला हाडांची तपासणी झाली, तर सतरा ते एकोणीस. मग उरलं कोण? आरोपीच्या वकिलानं मला बोलावलं, रजिस्टर घेऊन.

किसननं आधीच सांगितलं होतं – गुरुजींना कागद दाखवला होता. सरकारी वकिलांनी मला तेवढंच विचारलं. दाखवला होता का?

मला कुणी धमकावलं नव्हतं. आमिष नाही, वशिला नाही. असतं तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडली असती. मला फक्त एवढंच दिसलं, की हो म्हटलं तर खोटी नोंद केली हे कबूल होतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी म्हणालो, ‘नाही.’ तारीख कुणी सांगितली? ‘वडिलांनी.’ किसन मागच्या बाकावर होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

मुलगी त्याआधी पडद्याआड दोन तास बोलली होती. कुठंही डगमगली नाही, म्हणे. पण ती सज्ञान धरली गेली आणि तिचं सगळं उलटं वाचलं गेलं – दोन आठवडे गप्प का राहिली, चारा आणायला पुन्हा त्याच्याकडंच का गेली? गाई उपाशी मारायच्या होत्या का तिनं? निकालात माझ्याबद्दल एक ओळ आहे. शिक्षक त्रयस्थ साक्षीदार आहेत, त्यांना खोटं बोलण्याचं कारण दिसत नाही. तो माणूस सुटला.

महिन्याभरानं दिंद्रुडच्या स्टँडवर किसन भेटला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरावी, असंही वाटलं. तो वाकून नमस्कार करत म्हणाला, ‘गुरुजी, राग मानू नका. म्या कोरटात तुमचं नाव घेतलं. कागद दावला व्हता आसं लई वाटत व्हतं मला. माझ्याच ध्यानात घोळ झाला आसंल.’ मग खाली बघत म्हणाला, ‘पोरगी बोलत न्हाई आता माझ्याशी. म्हणती, बाबा, तुमी खोटं बोलला, म्हणून माझं बी खोटं ठरलं.’

तेव्हा तरी? समोर कोर्ट नव्हतं, वकील नव्हता. एक बाप उभा होता, आणि त्याची लेक त्याला परत मिळायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘होतं असं, किसन. इतक्या वर्षांचं कुठं ध्यानात राहतं?’

त्यानं मान हलवली. गाडी लागली, तसा तो गर्दीतून आत शिरला, माझ्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि मी जाऊन बसलो.