वहिनीचं जास्तीचं ताट

वहिनी परवा गेली आणि आज तिच्या घरी मासा शिजला.

नातेवाइकांत कुजबुज झाली. होऊ दे. वहिनीला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

सुशीलावहिनी. माझ्या मोठ्या भावाची बायको, माहेर पारशिवनी. सत्तरच्या दशकात दादा कोराडीच्या वीज केंद्रात होता. मीही तिथेच नोकरीला लागलो आणि त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहायला आलो.
खिडकीवर रोज राख बसायची. वहिनी रोज ती पुसायची आणि रोज कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायची.

एका वर्षी मशिनरी बसवायला पोलंडहून एक इंजिनिअर आला. त्याची बायको हेलेना.
डिसेंबरात ती हटून बसली. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मासा पाहिजे, आणि तोही जिवंत.
गेस्ट हाऊसचा खानसामा शाकाहारी. त्याने हात जोडले. मग कोणीतरी वहिनीचं नाव सांगितलं.

पारशिवनीकडे नदीवर मासे धरणारे गोविंदामामा वहिनीच्या माहेरच्या ओळखीचे. त्यांनी दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून एक रोहू एसटीने आणला.
हेलेना खूश. म्हणाली, दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा, चिखलाचा वास जातो. तिच्या देशात म्हणे मासा सरळ बाथरूममध्ये ठेवतात.

तर मासा आमच्या न्हाणीतल्या टाकीत मुक्कामाला आला. आम्ही बाहेरच्या नळावर आंघोळी केल्या. डिसेंबरात.

"आमच्याइकडं मासा नदीतून निंगाला का सिदा रश्शाच्या गंजात जाते," वहिनी म्हणाली. "हा त पाहुना होऊन बसला. भाऊजी, याले साबन देऊ का?"

दोन दिवसांनी मासा हेलेनाकडे गेला, आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी तिने आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. वहिनीने ठेवणीतली साडी नेसली. सोबत आपल्या हातच्या मच्छीच्या रश्शाचा डबा घेतला. भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, वरून सांभार. आम्ही कोथिंबिरीला सांभारच म्हणतो.

टेबलावर पांढरी चादर. काचेच्या पाच प्लेटा.
आणि टोकाला, बाजूला, एक स्टीलचं ताट.

वहिनी दारातच थांबली.

ज्यांना कळलं त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी सांगतो.
वहिनीच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची. बाहेर, वळचणीला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, कपबशी मात्र तिथेच राहिली.
कॉलनीत असं काही नव्हतं. फक्त शेजारच्या काकू आमच्या घरी इतक्या वर्षांत कधी पाणी प्यायल्या नव्हत्या.

"ते येगळं ताट कोनाचं हाय?" वहिनीने हळूच विचारलं.

"बस ना," दादा म्हणाला.

"भाऊजी, इचारा तिले. नाई त मले घरी जायाचं हाय. दोन दिवस तिचा मासा सांभाळला, आन् हे?"

माझं इंग्रजी लंगडं, हेलेनाचं त्याहून. तरी विचारलं.
ती आधी गोंधळली, मग घाईघाईने सांगायला लागली. हे ताट कोणाचंच नाही. आज न बोलावता जो दारात येईल, त्याच्यासाठी आहे. त्यांच्याकडे त्या रात्री एक ताट असं मांडतातच. काचेच्या प्लेटा पाचच होत्या, म्हणून हे स्टीलचं.

मी वहिनीला सांगितलं.

"कोनीबी आलं तरी?"

"कोणीही."

"जात नाई इचारत?"

जातीसाठी इंग्रजी शब्द मला येत होता. मी तो वापरला. हेलेनाला तो कळलाच नाही.

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि आत येऊन बसली.

मग मासा आला. गार. जेलीत थिजवलेला, वर गाजराच्या चकत्या.
"थंडा हाय वं हा," वहिनी मराठीतच हेलेनाला म्हणाली, आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. हेलेनाने आमचा रस्सा खाल्ला. नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घेतला.

पुढे वहिनी कॉलनीतल्या बंगाली दीदीकडून मोहरीतला मासा शिकली. केरळच्या सिस्टरकडून नारळाच्या दुधातला शिकली. थंडा मासा तिने परत कधी केला नाही.

ताट मात्र केलं.

ज्या दिवशी घरात मासा, त्या दिवशी एक ताट जास्त. दादा सुरुवातीला चिडायचा.
"कोन येऊन राहिलं?"
"मले काय मालूम," वहिनी म्हणायची.

पोस्टमन जेवला. रस्ता चुकलेला कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर जेवला.
एकदा काकूंची किल्ली हरवली. भर दुपारी आमच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाली, "बसा, ताट हायेच." काकू बसल्या. मासा खाल्ला नाही, वरण-भात खाल्ला. आणि पाणी मागितलं.
ते पाणी देताना वहिनीचा चेहरा मी पाहिला आहे. दुसऱ्या कशासाठी नाही, तरी त्या चेहऱ्यासाठी मी ही पोस्ट लिहितो आहे.

दादा गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. वहिनी नागपुरात, जरीपटक्याच्या घरी मुलाजवळ राहायची.

आज सकाळी दार वाजलं. गोविंदामामांचा मुलगा. आता तोही म्हातारा झाला आहे. दर हिवाळ्यात येतो तसा रोहू घेऊन आला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.
"बाई कुठं हायेत?" त्याने चप्पल काढता काढता विचारलं.

आम्ही सांगितलं. पिशवी हातात धरूनच त्याने चप्पल परत पायात घातली. मग म्हणाला, "मंग मी चाल्लो."

वहिनीच्या सुनेने त्याच्या हातातून पिशवी घेतली. कोणाला न विचारता कांदा-खोबरं भाजायला घेतलं. दुपारी पानं मांडली. सवयीने एक ताट जास्त.

"बसा," ती त्याला म्हणाली. "ताट हायेच."

दोन दिवस माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तेव्हा आलं.

तो पोटभर जेवला. रस्सा दोनदा घेतला.

वहिनी, आजचं ताट रिकामं राहिलं नाही.
जयभीम.