पानं वाटून झाल्यावर

सकाळी पेपर आणायला खाली उतरलो, तर तळमजल्यावरच्या विमलताईंच्या गॅलरीत ब्रह्मकमळाची चार फुलं माना टाकून लोंबत होती. समोर सात-आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रिकाम्या. टेबलावर मसाला दुधाचं भरलेलं पातेलं, वर जाड साय.

पूर्वी इमारतीत ब्रह्मकमळ एकट्या त्यांचंच होतं. कळी फुगली की त्या दारोदार सांगत यायच्या आणि रात्री सगळे त्यांच्याकडे जमायचे. निघताना प्रत्येकाच्या हातात एक पान. "अर्धं मातीत खोचा, पाणी बेतानंच घाला." पानं जगली. आता घरोघरी कुंडी आहे, आणि एकाच झाडाची लेकरं म्हणून की काय, यंदा पहिल्यांदाच फुलली ती सगळी एकाच रात्री. काल मीही माझ्याच कुंडीपुढे बसून होतो. ताई परवा आठवणीनं सांगून गेल्या होत्या, तरी.

जवळचं सगळं वाटून टाकणाऱ्याकडे लोक मग कशाला येतील?

"काल कुणीच आलं नाही," ताई गॅलरीत येत म्हणाल्या. "तुमच्याकडे फुललं का?"

"दोन फुलं आली." फोटो दाखवायला काढलेला मोबाइल मी खिशात टाकला.

"पान लागलं म्हणजे. बरं झालं," असं म्हणून त्या खुर्च्या एकात एक घालू लागल्या.