कोपनहेगनमध्ये नऊवारी

सांगलीत मी कॉलेजला सायकलवरून जायची, तेव्हा बायका दारात येऊन बघत राहायच्या. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजने मला एका सत्रासाठी कोपनहेगनला पाठवलं. तिथे सगळं शहरच सायकलवर. म्हटलं, आता कोणी नावं ठेवणार नाही.

पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंनी मला फाटकात अडवलं. "या कपड्यात सायकल? चाकात अडकून मरशील. माझ्या मुलीचा स्कर्ट घाल."

"आमच्याकडे बायका नऊवारी नेसूनच शेतात राबतात, झाडावर चढतात," मी म्हणाले. "मी स्कर्ट घालणार नाही."

कासोटा घट्ट खोचला, वरून कोट चढवला आणि निघाले. रोज तशीच जात राहिले.

मग बर्फ पडलं आणि घराजवळच्या वळणावर मी घसरून आपटले. बाई मागून सायकलवर येतच होत्या. "सांगितलं होतं ना!" त्या ओरडल्या, आणि बोलता बोलता त्याही स्कर्टसकट माझ्या शेजारी येऊन पडल्या.

मी त्यांना हात देऊन उठवलं. "आता तुम्हीच लुगडं नेसून बघा," मी म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. पण पुन्हा त्यांनी माझ्या लुगड्याचा विषय काढला नाही.