बंगल्यावरची आगगाडी

माझ्या भावासाठी आमच्या घरात कधी नवी वस्तू आली नाही. परवडत नव्हतं असं नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर मिस्त्री होते, हंगामात त्यांना दम घ्यायला फुरसत नसे. पण माझ्या पाठीवर मायची तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. मग हा भाऊ झाला. माय म्हणाली, ह्याचा गाजावाजा करायचा नाही. हे पोर कुणाला नकोसं आहे असं दिसलं पाहिजे, म्हणजे त्याच्याकडं कुणाचं लक्ष जाणार नाही. कुणाचं, ते ती बोलायची नाही.

बारशाच्या दिवशी शेजारच्या मावशीला तो सूपभर कोंड्याला विकला आणि मग तिच्याकडून मागून परत आणला. नाक टोचलं. पहिलं अंगडं पाच घरच्या चिंध्यांचं शिवलं. पुढंही टोपी, सदरा, अंथरूण, खुळखुळा, सगळं कुणाचं तरी वापरलेलं. ते मागायला मला जावं लागे. माझा स्वभाव आधीच बुजरा. दाराशी जाऊन चौकट धरून उभी राहायचे, घरातल्या बाईचं लक्ष जाईपर्यंत. मायनं बजावलेलं असे, "आधी विचारायचं, लेकरं बरी हायेत ना. बरी हायेत म्हनली तर पदर पसरायचा. ज्या घरचं लेकरू गेलं, त्या घरचं सूतसुदिक नको." तेवढा एक प्रश्न मी पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणायचे. बाया हसायच्या. "आली बघा वसुलीला," म्हणायच्या, पण द्यायच्या.

भाऊ पाचेक वर्षांचा झाला त्या दिवाळीत दादा जिनिंगमधून एक लाकडी खोकं डोक्यावर घेऊन आले. हे रझाकारांच्या गडबडीच्या बऱ्याच आधीचं. खोक्यात गवतात गुंडाळलेली पत्र्याची आगगाडी होती. हिरवं इंजिन, तीन डबे, डब्यांच्या खिडक्यांत रंगवलेली माणसं आणि रुळांचे वाकडे तुकडे. तुकडे एकात एक अडकवले की गोल व्हायचा.

माय मागं सरकली. "नवी हाय?"

"वापरलेली हाय. ही बघ, रंग उडाला इथं. साहेबाच्या बंगल्यावरून बाईसाहेबांनी देल्ली. पोराला न्या म्हनल्या."

मायनं रंग उडाल्याजागी बोट फिरवलं आणि तिचा चेहरा सैल झाला. आमचा नेहमीचा प्रश्न ह्या वेळी कुणी विचारला नाही. बंगल्याच्या दारात जाऊन जिनिंगच्या साहेबाच्या बायकोला लेकरं बरी आहेत का, असं कोण विचारणार? बंगल्यात पंखे होते, रात्री दिवे लागायचे, डॉक्टर मोटारीतून यायचा. तिथं लेकरं बरीच असणार, असं मायनं धरलं. मीही धरलं.

ही आगगाडी किल्लीची नव्हती, विजेची होती. वीज आमच्या चाळीत नव्हती. जिनिंगला स्वतःचा डायनामो होता, तो इंजिन चालेल तेवढाच चालायचा. म्हणून दादांनी इंजिनघराला लागून असलेल्या त्यांच्या हत्यारांच्या खोलीत जमिनीवर रूळ मांडले. बंगल्यावर गाडीसोबत वीज कमी करणारी एक पेटी असायची, ती काही आली नव्हती. दादांनी तारेच्या मध्ये एक दिवा जोडला, म्हणजे वीज गाडीला सोसेल इतकीच जाईल. "रुळाला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई," ते म्हणाले. आम्ही दोघं हात पाठीमागं बांधून बसलो.

दादांनी खटका दाबला. दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, आणि इंजिन एक हिसका देऊन निघालं. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. भाऊ ओरडला, "दादा, ती आपल्या आपन चालून राह्यली!"

"मंग काय, तुझ्यावानी उचलून घ्यायला रडंल?"

त्या हिवाळ्यात रोज दिवेलागणीला मी त्याला घेऊन तिथं जायचे. भिंतीपलीकडं इंजिन धडधडायचं, सरकी काढायचे रेचे चालायचे, कापसाचे तंतू दारातून आत यायचे आणि रुळांवर बसायचे. गाडी त्यांच्यावरून गेली की निळी ठिणगी उडायची आणि जळक्या कापसाचा वास यायचा. भाऊ गाडीकडं बघायचा कमी. तो जमिनीला गाल लावून, रुळापासून हातभर दूर, डोळे मिटून पडायचा. पलीकडं एवढा धडाका असून त्याला गाडीची बारीक खरखर वेगळी ऐकू यायची. गाडी त्याच्या बाजूला आली की तोंडानं तसाच आवाज काढायचा. घरी भाकरी खाताना, अंघोळ करताना, झोपेत, तोच आवाज. माय म्हणायची, "गप रे, डोकं उठलं माझं," आणि हसायची. माय हसायची ते दिवस थोडे आहेत, म्हणून ते आठवतात.

संक्रांत झाल्यावर एकदा बंगल्यावर भांडी घासणारी बाई आमच्या आडावर पाण्याला आली. मायशी बोलता बोलता म्हणाली, "ती गाडी तुमच्याकडं आली म्हनं. बाईसाहेबांना तिचा आवाज सोसत न्हवता बगा. पोरगं गेल्यापासून खोकं बांधून ठिवल्तं."

मायच्या हातातला दोर सुटला. घागर आडात गेली.

दादा जेवायला आले तेव्हा ती दारातच उभी होती. "त्यांचं लेकरू गेलं हे तुम्हाला म्हाईत होतं?"

दादा पाय धूत होते. "होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू घेऊ देल्ली असती? अगं, पत्र्याची वस्तू ती. पत्र्याला काय होतंय?"

"मेल्या लेकराची हाय ती! आत्ताच्या आत्ता परत करा."

दादा सहसा आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "मेल्या लेकराच्या घरचं चालत न्हाई म्हन्तीस. मंग ह्या घरचं त्याला कसं चालतं? ह्या घरातून तीन गेली. ह्याच चुलीवरचं खातो ना त्यो?"

मायनं ताट वाढलं आणि ती आत गेली. दादांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते जेवले नाहीत. गाडी मात्र परत केली नाही. ती कामाच्या जागी आहे, घरात नाही, एवढ्यावर दोघं थांबले. मायनं मला भावाला तिथं न्यायला बंदी केली. मग दादाच त्याला खांद्यावर घालून न्यायला लागले.

होळीच्या सुमारास भावाला ताप आला. उतरेचना. वैद्य म्हणाला मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय जाणार नाही. त्याचे ओठ काळे पडले, केस हातात यायला लागले. तो बरळायचा, त्यातही तोच खरखर आवाज काढायचा, आणि माय त्याच्या तोंडावर हात ठेवायची. एका सकाळी तिनं दिव्यापुढं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं लेकरू उठू दे. त्या घरची वस्तू त्या घरी पोचती करीन." दादा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान हलवली.

ताप उतरला. भाऊ उठून बसला, पेज प्यायला, भिंत धरून चालला. मायनं चाळीत गूळ वाटला. तो फार मोठ्यानं बोलायचा आणि हाक मारली तर वळायचा नाही. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे, लाडावला आहे.

दादा म्हणाले, परत करायच्या आधी एकदा पोराला दाखवतो. हंगाम संपत आला होता, इंजिन दोनचार दिवसांत बंद होणार होतं. माय कशीबशी कबूल झाली. मीही गेले. दादांनी खटका दाबला, दिवा लागला, गाडी निघाली. भावानं नेहमीसारखा जमिनीला गाल लावला. जरा वेळानं गाल उचलला आणि दुसरा लावला. मग उठून बसला.

"दादा, बिघडली," तो मोठ्यानं म्हणाला.

"अरे, चालून राह्यली की!"

त्यानं दादांकडं बघितलंच नाही. गाडीकडंच बघत होता. "वाजत न्हाई. दुरुस्त करा."

दादांनी गाडी थांबवली. त्याच्या पाठीमागं जाऊन त्यांनी हातोडा लोखंडी पत्र्यावर आपटला. मी दचकले. भाऊ दचकला नाही. दादांनी परत आपटला. मग हातोडा खाली ठेवून ते तसेच उभे राहिले. आख्ख्या जालन्यात कुणाचं यंत्र अडलं की दादांना बोलावणं यायचं. भाऊ गाडी उचलून त्यांच्यापुढं धरत होता आणि म्हणत होता, "जल्दी करा ना."

मायला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "कान नेले," म्हणाली. "आता जीव नेईल. उद्याच्या उद्या घालवा."

दुसऱ्या दिवशी खोकं माझ्या डोक्यावर देऊन तिनं मला बंगल्यावर पाठवलं. दादा गेले नाहीत, त्यांना तोंड नव्हतं. मी मागच्या दाराशी चौकट धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं बाईसाहेब स्वतः आल्या. आतल्या भिंतीवर एक फोटो होता, त्याला हार होता. त्यांनी खोक्याकडं पाहिलं.

"मुलगा बरा आहे ना तुमचा?"

"उठला," मी म्हणाले. कानांचं सांगता आलं नाही.

त्यांनी झाकण उघडलं नाही. त्यावर नुसता हात ठेवला. "मला हे आता घरात नको गं. तुझ्या आईला सांग, मी वाईट मनानं दिली नव्हती." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी खोकं परत आणलं आणि निरोप सांगितला. माय म्हणाली, "तिचं मन वाईट न्हवतं. मला का कळत न्हाई? पर तिच्या घरी जे आल्तं ते मला नको." ती वस्तू आता कुणाला देता येत नव्हती. ज्याला सांगून द्यावी तो घेणार नाही, न सांगता देणं मायला जमणारं नव्हतं. घरात ठेवायची नाही ती वस्तू पाण्यात सोडायची, एवढंच उरलं.

सकाळी आम्ही कुंडलिकेवर गेलो. मायच्या डोक्यावर धुण्याचं गाठोडं, त्याच्या आत खोकं. भाऊ मागं लागला म्हणून त्याला मी बोटाला धरलं. नदीत धार नव्हती, एका ठिकाणी डबकं साचलेलं होतं तेवढंच. मायनं गाठोडं सोडलं, खोकं काढलं आणि इंजिन पाण्यात टाकलं. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. हिरवं इंजिन तळाशी उभं राहिलं, वरून लख्ख दिसत होतं.

भावानं माझा हात हिसडला आणि तो पाण्यात धावला. मायनं त्याला दंडाला धरून काठावर फेकल्यासारखं बसवलं. मग लुगडं खोचून ती आत गेली आणि पायानं ते इंजिन चिखलात दाबायला लागली. पत्रा वाकल्याचा आवाज झाला. मग डबे, मग रुळांचे तुकडे, एकेक टाकायची आणि टाचेनं आत दाबायची. चिखल वर आला, पाणी काळं झालं.

"माय, टाकू नको! दुरुस्त व्हईल!" भाऊ ओरडत होता. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. "दादा दुरुस्त करतील! माय, दुरुस्त व्हईल ती!"

माय मान वर न करता म्हणत होती, "तुझ्याचसाठी रे बाबा, तुझ्याचसाठी." तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. नदीवरच्या इतर बायांनी ऐकलं, मी ऐकलं.

त्या दिवशी दुपारी मायनं त्याला भाकरी दिली तर त्यानं हात पुढं केला नाही. तिनं घास तोंडाशी नेला, त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं रुसला आहे, भूक लागली की घेईल. संध्याकाळी मी दिली तर मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी तसंच. दादांनी एकदा त्याला मारलं, मग स्वतःच ओसरीवर जाऊन बसले. मायनं गूळ पुढं केला, धपाटे केले, खुणा करून पाहिल्या. छातीवर हात ठेवून, आभाळाकडं दाखवून, त्याच्या डोक्यावरून बोटं मोडून ती काही सांगायचा प्रयत्न करायची. मेलेल्या लेकराची वस्तू, नवस, कान, जीव, हे खुणेनं कसं सांगणार? मी चौथी शिकले होते. पाटीवर लिहून दाखवावं असं मनात आलं, पण त्याला अक्षर येत नव्हतं, आणि बहिऱ्याला अक्षर कसं शिकवायचं ते मला ठाऊक नव्हतं. हळूहळू त्याचं बोलणंही बंद झालं.

मायच्या त्या लेकराचा जीव वाचला. चाळीतल्या बाया पुढंही तिचं उदाहरण द्यायच्या, हिनं गाडी नदीत घातली म्हणून पोर राहिलं. माय ऐकून घ्यायची.

तीन वर्षं तो माझ्या हातचं खात होता. मग माझं लग्न झालं आणि मी घनसावंगीला गेले. निघताना मी त्याला दोनदा घास भरवला, तो खाऊन माझ्या बैलगाडीमागं वेशीपर्यंत पळत आला. माझ्यामागं घरात काय चाललं असेल याचा विचार मी सासरी काम करताना करायचे आणि कुणाजवळ बोलायचे नाही.

पंचमीला माहेरी आले. दुपारी मायनं ताट वाढलं, भिंतीजवळ पाटापुढं ठेवलं, आणि ती चुलीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ फिरवून बसली. मग भाऊ दारातून आला. मायची पाठ बघितली, बसला, जेवायला लागला. तो जेवतोय तोपर्यंत ती हलली नाही. चूल विझलेली होती, तरी ती तिच्यातच बघत होती.

थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "भाकर खाल्ली का सगळी?"

"खाल्ली."

"अजून पायजे का, बघ."

मी त्याला खुणेनं विचारलं. त्यानं मान हलवली. मी म्हणाले, "पायजे." मायनं मागं न बघता टोपल्यातून एक भाकरी काढली आणि हात पाठीमागं केला. ती मी तिच्या हातातून घेतली आणि त्याच्या ताटात ठेवली.